सासूबाईंच्या मुठीचं काय करायचं

“मूठ टाकल्याशिवाय झाकण लावायचं नाही. आणि मूठ म्हणजे मूठ, चिमूट नव्हे. पाहुण्याला वाढतात तशी नाही, घरच्याला वाढतात तशी.”

हे सांगताना सासूबाईंचा हात कोपरापर्यंत चूर्णानं माखलेला असायचा. नाकाच्या शेंड्यावरही थोडं लागलेलं असायचं, पण ते त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी खालच्या कारखान्यात शक्तीच्या चूर्णाचा नवा घाणा तयार झाला की थोरल्या वहिनींच्या कानात हाच आवाज उमटायचा. मग वहिनी वरच्या खोलीच्या कोनाड्यातली चिनी मातीची बरणी उतरवायच्या, चांगली हलवायच्या, कारण तेही सासूबाईंनीच सांगून ठेवलेलं. त्यातली एक मूठ नव्या घाण्यात टाकायच्या आणि नव्यातली एक मूठ बरणीत परत घालायच्या. दुधाला विरजण लावावं तसा प्रकार. सासूबाईंनी पहिल्यांदा आपल्या हातानं जे चूर्ण कुटलं, त्यातला कणभर तरी आजच्या डब्यात आहे, असं त्या घरात प्रत्येकजण धरून चालायचा. डब्यावर त्यांचा फोटोही होता. फोटोवाल्याला “आटप लवकर” म्हणत असतानाच तो निघाला होता, त्यामुळे गिऱ्हाइकाला रोज सकाळी चमचाभर चूर्णाबरोबर थोडी बोलणीही बसायची. पुष्कळांना गुण बहुधा त्यानंच येत असावा.

घराचा आणखी एक नेम होता. जे विकायचं ते आधी घरानं खायचं. सकाळी चहाच्या आधी ओळीनं सगळ्यांनी चमचा घ्यायचा, रुसवाफुगवा असला तरी घ्यायचा, एकमेकांशी बोलत नसले तरी घ्यायचा. त्या रविवारी फोन वाजला तेव्हा सगळ्यांचे चमचे नुकतेच तोंडात गेले होते. फोन वहिनींनी उचलला. तोंडात चूर्ण असल्यामुळे त्या पहिल्यांदा नुसतं “हं” म्हणाल्या, आणि पुढचं ऐकून झाल्यावरही त्यांच्या तोंडून दुसरं काही निघालं नाही.

फोन मागच्या गल्लीतल्या पोस्टमास्तरांच्या मुलीचा होता. मुलगी डॉक्टर. पोस्टमास्तर निवृत्त होऊन गुडघे धरून बसलेले, ते गेल्या आठवड्यात ज्येष्ठांच्या चालण्याच्या शर्यतीत पहिले आले. पहिले येण्याला कुणाची हरकत नव्हती. पण शर्यत संपल्यावर ते थांबले नाहीत. फीत पोटाला तशीच गुंडाळून ते बस डेपोच्या पलीकडे गेले, आणि बक्षीस देणाऱ्यांना स्कूटरवर बसून त्यांना गाठावं लागलं. चषकही म्हणे त्यांनी चालता चालताच घेतला.

“काकू, घरी आणून त्यांची नाडी बघितली तर मोजताना मलाच धाप लागली,” मुलगी सांगत होती. “म्हणून तुमचा डबा तपासायला दिला. त्यात उत्तेजक औषध सापडलंय. झोप उडवणारं, ठोके वाढवणारं. कुठल्या पानामुळातलं नाही, कारखान्यात तयार केलेलं. मुद्दाम मिसळलेलं असणार. मी बाबांचा डबा काढून घेतलाय. पण बाकीच्या घरांत किती नाजूक हृदयाची माणसं असतील, देव जाणे. मला उद्या तपासणी खात्याला कळवायचंच आहे. त्याआधी तुम्ही आपणहून सांगितलंत आणि माल परत घेतलात तर बरं.”

वहिनींनी फोन ठेवला, चूळ भरली आणि सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं.

आता खरी गंमत अशी, की खोलीत खुर्च्या भरपूर होत्या आणि बसायला कुणी तयार नव्हतं. भाऊजी, म्हणजे वहिनींचे दीर, टेबलाभोवती फेऱ्या मारत होते. त्यांची बायको, धाकटी, आधीच लख्ख असलेली खिडकी पुसत होती. वन्सं माहेरी आल्या होत्या, त्या टेबलावरच्या रुमालांच्या घड्या घालत होत्या आणि घालून झाल्या की मोडून पुन्हा घालत होत्या. त्यांचे यजमान तेवढे बसले होते, पण त्यांचा गुडघा असा हलत होता की टेबलावरची फुलदाणी हळूहळू कडेकडे निघाली होती. या जावईबापूंना घरात मागं ‘नमुना’ म्हणत. त्यांच्या खिशात कायम कसली ना कसली नमुन्याची पुडी असायची म्हणून, असं वन्संना सांगितलेलं होतं. आणि मामंजी जिना चढत-उतरत होते. वर आले की एक वाक्य ऐकायचं, आपलं एक टाकायचं आणि खाली जायचं, असा त्यांचा गेले काही महिने क्रमच होता.

वहिनींनी सगळं सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, कारण मोठ्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“अशक्य,” भाऊजी म्हणाले, आणि तेवढ्यात टेबलाला एक फेरी मारून आले. “आपण काय घालतो? मुळ्या घालतो, बिया घालतो, आणि तो नवा अर्क. त्यात औषध कुठून येईल?”

अर्क हा शब्द निघाला आणि फुलदाणी थांबली, कारण जावईबापूंचा गुडघा थांबला.

“माझ्याकडे बघू नका,” जावईबापू म्हणाले.

“अजून कुणी बघितलंच नाही,” धाकटी खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली.

“तो अर्क शंभर टक्के शुद्ध आहे. व्यापाऱ्यानं माझ्यासमोर चाखून दाखवला.”

“आणि मग?”

“मग काय. खूश होता माणूस. टेबलावर ताल धरत होता. मला म्हणाला, साहेब, मी गेल्या मंगळवारपासून झोपलोच नाही.”

मामंजी वर आले. “कोण झोपलं नाही?” त्यांनी विचारलं, उत्तराची वाट पाहिली नाही आणि खाली गेले.

“तुम्हाला तिथंच शंका यायला हवी होती,” भाऊजी म्हणाले.

“दादा, त्यांना कशाला बोलतोस?” वन्सं घडी घालता घालता म्हणाल्या. “तूच म्हणाला होतास ना, जुन्या चूर्णात दम राहिला नाही, लोक दुसरीकडे वळतात, काहीतरी नवीन बघा. यांनी बघितलं. तेव्हा यांना मिठी मारलीस. मी होते समोर.”

“मी कुणाला मिठी मारत नाही.”

“मारलीस. चमचा घेतल्यावर मारलीस.”

भाऊजींना हे पटलं असावं, कारण त्यांनी टेबलाला आणखी एक फेरी मारली. खरं म्हणजे भाऊजी हा माणूस पूर्वी दिवसाकाठी चार शब्द बोलला तर पुष्कळ. जेवताना सुद्धा मीठ हवं असलं तर बोट दाखवायचे. गेल्या काही महिन्यांत मात्र ते फोनवर व्यापाऱ्यांची चौकशी करत, त्यांच्या मुलाबाळांची करत, मग त्यांच्या मुलाबाळांशीही बोलत. धाकटी तर पूर्वी दिवस वर आल्याशिवाय उठायची नाही. तिनं एका आठवड्यात घरातली सगळी कपाटं रिकामी करून पुन्हा लावली, आणि जिन्याचा कठडा हिरवा रंगवला. कुणी सांगितलं नव्हतं. घराला वाटलं, बाई सुधारली.

हे सगळं वहिनींच्या मनात येत होतं तेच धाकटीच्याही मनात आलं असावं. तिचा पुसणारा हात थांबला.

“म्हणजे जाऊबाई,” ती वळून म्हणाली, “ती कपाटं मी लावली नाहीत?”

“तूच लावलीस गं.”

“नाही पण, म्हणजे, त्या औषधानं लावली?”

“औषधाला कुठं हात असतात?” वहिनी म्हणाल्या. पण त्यांना स्वतःलाच एक गोष्ट टोचत होती. पहाटेच्या जपाला बसलं की इतकी वर्षं त्यांना डुलकी लागायची. माळ हातातून गळायची, मणी कुठवर आला ते विसरायचं, मग पहिल्यापासून. देवाकडे त्यांनी कधी दुसरं काही मागितलं नव्हतं, एवढी झोप आवर म्हणून विनवलं होतं. आणि अलीकडे आवरली होती. जप असा धावायचा की एका माळेच्या जागी दोन व्हायच्या. त्यांनी देवाचे किती आभार मानले होते. आता ते सगळे आभार त्या मंगळवारपासून जागणाऱ्या व्यापाऱ्याकडे वळते करायचे की काय, हे त्यांना कळेना.

“माझं ऐका,” भाऊजी टेबलाच्या टोकाशी उभे राहून म्हणाले. “घाबरायचं कारण नाही. अर्क कधी आला? उन्हाळ्याच्या सुरुवातीला. म्हणजे त्याआधीचे घाणे चांगले. फक्त नंतरचे डबे गुपचूप परत आणायचे. दुकानदारांना सांगायचं, झाकणं सदोष निघाली. खात्यानं उद्या विचारलं तर जुन्या मालातला डबा दाखवायचा. आईच्या हातचं शुद्ध चूर्ण. संपलं.”

“दादा, याला म्हणतात डोकं,” वन्सं म्हणाल्या.

“मी तेच सुचवणार होतो,” जावईबापू म्हणाले.

धाकटी वहिनींकडे बघत होती. वहिनी कोनाड्याकडे बघत होत्या.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “आईंच्या हातचं शुद्ध चूर्ण आता कुठं आहे?”

“जुने डबे तर संपले. पण बरणीत आहे.”

“बरणीत प्रत्येक नव्या घाण्याची मूठ जाते.”

भाऊजींची फेरी अर्ध्यावर थांबली. असं काही ऐकलं की माणसाचा चेहरा आधी हसरा होतो आणि मग हळूहळू उतरतो, तसा त्यांचा उतरला. सासूबाईंच्या शिस्तीनं हे सगळं झालं होतं. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात खराब माल निघाला तर तेवढा बाजूला काढता आला असता. इथं प्रत्येक घाण्यानं मागच्याचा हात धरलेला. औषध एकदा आत शिरलं ते मुठीमुठीनं सगळीकडे पोचलं होतं, आणि घरच्या माणसाला वाढावं तशा भरघोस मुठींनी पोचलं होतं.

वहिनींनी बरणी उतरवून टेबलावर ठेवली. सगळे पहिल्यांदाच एका जागी उभे राहिले.

“तळाशी असेल ना जुनं?” वन्सं म्हणाल्या. “वरवरचं काढू. तळाचं आईचं.”

“मी दरवेळी हलवून घेते, वन्सं.”

“कशाला हलवता?”

“त्यांनीच सांगितलं होतं.”

“आईनं ना,” वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले, “नको त्या बाबतीत फार नीट सांगून ठेवलं.”

मामंजी वर आले. बरणी बघून मात्र परत फिरले नाहीत. वहिनींनी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. ते कठड्याला धरून ऐकत होते, आणि त्या ओल्या वाटणाऱ्या हिरव्या रंगाला हात लागेल म्हणून मधूनच हात उचलत होते.

“मग टाकून देणार?” त्यांनी विचारलं.

“टाकायला हवं, मामंजी.”

“मला विचारशील तर टाकू नये.” ते अखेर खुर्चीत बसले, पण पाय ताल धरून होते. “ती गेल्यापासून सकाळी उठून काय करायचं हेच कळत नव्हतं. आता उठावंसं वाटतं. जिना चढावासा वाटतो. तुम्ही म्हणता ते औषध आहे. असेल. मला वाटलं होतं, तीच ढकलते आहे मागून.”

धाकटी म्हणाली, “मलाही वाटतं जाऊबाई, घरापुरतं थोडं ठेवावं. बाहेरचं सगळं परत आणू. पण घरात चिमूटभर. रविवारी फक्त.”

“आता तू कशी तिकडे गेलीस?” भाऊजी म्हणाले. “मघाशी माझ्याकडे असं बघत होतीस की मीच विष कालवलंय.”

“मघाशी मला कपाटांचं लक्षात आलं नव्हतं. अजून माळा राहिलाय.”

“माळ्यासाठी मी माझं हृदय देणार नाही,” जावईबापू म्हणाले.

“सगळ्यांची हृदयं तर तुम्हीच देऊन बसलात,” वन्सं एकदम नवऱ्यावर उलटल्या. “मंगळवारपासून झोपला नाही म्हणे. आणि तुम्ही त्याच्याकडून पिंपभर घेऊन आलात. मला लग्नात असाच खोटा पुखराज घातला होता, तेव्हाही दुकानदारानं तुमच्यासमोर चावून दाखवला होता.”

“पुखराज कुणी चावतं का?”

“तेच मी त्या दिवशी विचारलं होतं.”

आणि मग जे सुरू झालं ते चूर्णाबद्दल राहिलं नाही. पुखराजावरून वन्संच्या लग्नातल्या मानपानावर आलं, तिथून भाऊजींनी न विचारता विकलेल्या जुन्या शिलाई मशीनवर, तिथून धाकटीला पहिल्या वर्षी कुणी नीट घर दाखवलं नाही यावर. सगळे एकदम बोलत होते, भराभरा बोलत होते, आणि प्रत्येकजण दुसऱ्याचं ऐकतही होता, कारण मधूनमधून उत्तरं बरोबर मिळत होती. वहिनींना वाटलं, या खोलीत इतकं बोलणं गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. सासूबाई गेल्यावर घर हळूहळू मुकं झालं होतं. मीठ मागायला बोट, हाक मारायला खोकला. बरणी रिकामी झाली की पुन्हा तसंच होईल. भाऊजी बोट दाखवतील. धाकटी दुपारपर्यंत झोपेल. मामंजी जिन्याच्या तळाशी बसून राहतील. आणि आपण माळ हातात घेऊन डुलत राहू. चोरून चिमूटभर ठेवलं तर कुणाला कळणार होतं?

फोन वाजला. कुणी ऐकला नाही. वहिनींनी बाहेरच्या खोलीत जाऊन उचलला.

“वहिनी, मी पोस्टमास्तर,” पलीकडून दबका, पण फार घाईतला आवाज आला. “मुलगी दवाखान्यात गेली आहे, म्हणून बोलतोय. तिनं तुम्हाला फोन केला असेल. तिचं मनावर घेऊ नका. तिला वाटतं तिनं डबा नेला. माझा दुसरा डबा आहे तांदळाच्या पिंपात. पुढच्या शर्यतीची तयारी चालू आहे.”

“आज घेतलात?”

“नाही, आता घेणार. जेवणाआधी. काल दोन चमचे घेतले. काय सांगू वहिनी, छाती अशी उडते आहे की शर्टाची बटणं दिसतात हलताना. हे मी मुलीला सांगितलं नाही. शर्यत पुन्हा मारली की सांगेन. तुम्ही फार पुण्याचं काम करताय. तुमच्या सासूबाईंचा डब्यावरचा फोटो मी तांदळाकडे तोंड करून ठेवलाय, ओरडत असल्यासारख्या दिसतात.”

वहिनींनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“पोस्टमास्तर,” त्या म्हणाल्या, “तो डबा उघडायचा नाही. एकही चमचा घ्यायचा नाही. त्यात औषध मिसळलं गेलंय, ते आमच्याकडून गेलंय. जागचे हलू नका, आत्ताच्या आत्ता मुलीला फोन करून बटणांचं सांगा. मी स्वतः येऊन डबा नेते. तुमचं जेवण वाढायच्या आत येते.”

“तुम्ही स्वतः? अहो, कशाला त्रास—”

“येते म्हणजे येते. शब्द देते.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग पोस्टमास्तर म्हणाले, “मग मी बसतो. बसायला जमेल का माहीत नाही, पण बसतो. आणि करतो तिला फोन.”

वहिनी परत आल्या तेव्हा शिलाई मशीन अजून संपलं नव्हतं. त्यांनी कपाटातून झाकणाचा रिकामा डबा काढला, बरणी उचलली आणि सगळ्यांच्या देखत उपडी केली. चूर्णाचा बारीक ढग उठला. बोलणी तिथल्या तिथं थांबली. वहिनींनी बरणीच्या तळाला टिचकी मारली, कडेचं बोटानं खरवडलं, बोट तोंडाकडे जाऊ लागलं तेव्हा मधेच थांबवून फडक्याला पुसलं. सवय वाईट.

“हा डबा डॉक्टरबाईंना द्यायचा, त्या खात्याकडे देतील,” त्या म्हणाल्या. “मोरीत ओतायचा नाही. उंदरांनी खाल्लं तर ते घर मोजायला निघतील.”

भाऊजी खुर्चीत बसले. “वहिनी, झाकणं सदोष आहेत म्हटलं असतं तर—”

“भाऊजी, त्या डब्यावर आपल्या घरच्या बाईचा चेहरा आहे.”

“ती तशीही कायम रागावलेलीच दिसते,” मामंजी म्हणाले. त्यांनी पुढे होऊन रिकामी बरणी हातात घेतली, आत डोकावून बघितलं, जणू कुणी हाक मारली तर ऐकू यावी, आणि परत ठेवली. “उद्या मी उठलो नाही तर?”

“मी उठवीन तुम्हाला.”

“तू आणि उठवणार? तू तर माळ घेऊन घोरतेस.”

धाकटी हसली. वन्संही हसल्या, आणि जावईबापूंना वाटलं आपल्यावर हसल्या म्हणून त्यांनीही हसून टाकलं. मग भाऊजी म्हणाले की खात्याला फोन मीच करतो, आज रविवार असला तरी कुणीतरी उचलेल. धाकटी म्हणाली, तुम्ही करा, पण अर्क कुठून आला हे जावईबापूंनी सांगायचं, त्यांच्या तोंडानं. वन्सं म्हणाल्या, आधी व्यापाऱ्याचं नाव सांगा, नाव तरी खरं आहे का बघू. जावईबापू म्हणाले, खरं आहे, मला त्यानं शपथ घेऊन सांगितलंय. आणि पुन्हा सुरू झालं.

वहिनींनी बरणी धुतली, खिडकीत उन्हाला उपडी ठेवली. माळ पदरात खोचली. दाराआडच्या खुंटीवर पिशव्या होत्या, लहान, मध्यम, आणि कारखान्यात बिया आणायची ती मोठी गोणपाटाची, दोन्ही हातांनी धरावी लागणारी. पोस्टमास्तरांचा एक डबा आणायला लहान पिशवी पुरली असती. वहिनींनी गोणपाटाची उतरवली, घडी करून काखेत मारली, चपला घातल्या आणि कुणाला काही न सांगता हिरव्या कठड्याला हात न लावता जिना उतरून मागच्या गल्लीकडे चालू लागल्या.